हिरवें, तारीख, नाव

चोर्ला घाटात, उतरणीला नव्हे, चढणीलाच
काटा 'एच'कडे कलला
आणि जीपच्या नाकातून वाफ.
बॉनेट उघडलं, झाकण नाही.
एवढं बाबांनी शिकवलं होतं:
तापल्या रेडिएटरला हात लावू नये,
तापल्या माणसाला उत्तर देऊ नये.
दुसरं त्यांना स्वतःला कधी जमलं नाही.

दोरी बांधून साखळीला आणली.
तियोफिल मेस्तने खालची तोटी सोडली.
घमेल्यात पडलं ते पाणी नव्हतं,
नाचण्याचं तिजण होतं, निवून साय धरलेलं.
त्याने बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं.
"कोणें घातलें हें?"

कोणी म्हणजे? सगळ्यांनीच.

बाबांनी सतरा वर्षं विहिरीचं,
नाहीतर पिसुर्लेच्या खाणीवरनं परतताना
वाटेत मिळेल ते, कळशीने.
नंबरप्लेट अजून 'जीडी'ने सुरू होते;
तेव्हा पाणी म्हणजे पाणी होतं.
मग उमाकांतने हिरवं. म्हापशाहून कॅन आणला,
कॅनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.
बाबांनी पेपर खाली घेतला नाही.
तो कुवेतला गेला, हिरवं राहिलं.
आणि गेल्या मेमध्ये, बेळगावच्या पंपावर,
मी. गुलाबी.
भारीतलं आहे मॅडम, पोरगा म्हणाला.
मला वाटलं, चांगल्यात चांगलं ओतलं तर
बिघडणार काय?

"हिरव्याचें वखद वेगळें,
गुलाबीचें वेगळें. भितर गोठतात.
आनी हो पितळेचो रेडिएटर, शिशाची डागणी,
ह्या जाण्ट्याक नवें वखद कशाक?"

मला काहीतरी सुचायला लागलं होतं,
घर, भावंडं, असलं काहीतरी.
"बाय," तो म्हणाला, "पायप धर."

धरला.
आधी तिजण, मग गुलाबी चिकटा,
मग हिरव्या तारा, शेवाळासारख्या.
सगळं तो जुन्या पिंपात ओतत होता,
गटारात नाही:
"गोड लागता. सुणीं पितात आनी मरतात."
दोन तास नितळ पाणी आलं.
मग त्याने पावडर घातली, इंजिन तापवलं,
निवू दिलं, पुन्हा तोटी सोडली
आणि लाल.
विटकरी, दाट, थांबेचना.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
पिसुर्ले तर त्याहून आधी बंद पडलं.
मेस्त पाईप मागत होता,
मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी त्याने हिरवं भरलं,
बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवली,
मार्करने लिहिलं: हिरवें. खाली तारीख.
मी मार्कर घेतला, त्याखाली माझं नाव घातलं.
पुढच्या वेळी कोणी घमेल्यात बोट बुडवून
विचारायला नको.
बाटली अजून गरम होती,
शाई जराशी पसरली.