तीन मीटर

कार्डलाच्या दुकानात केबल तीन मीटरचीच मिळाली,
म्हणून दोघांना एका खोलीत यावं लागलं.
एरवी एन्डेलमामा आणि आर्वोमामा
अकरा वर्षं एकाच बेटावर राहून
एकमेकांना न दिसण्यात तरबेज झाले होते.
हियुमा काही मोठं बेट नाही.
एक दुकानात शिरला
की दुसरा पाव न घेताच घरी जायचा.

आजी समुद्राचा बर्फ मोजायची.
दर हिवाळी रविवारी भोक पाडून,
लाकडी पट्टी सोडून, ओल्या अंगठ्यानं खूण धरून.
मग गावाला सांगायची, गाड्या जाऊ देत
किंवा आज घरीच बसा.
ती गेल्यावर घर थोरल्याला, बोट धाकट्याला,
आणि वह्यांचीही वाटणी :
एकोणनव्वदपर्यंतच्या इकडे, पुढच्या तिकडे.
पुढे कधीतरी दोघांनी त्या टाइप करून ठेवल्या,
एकमेकांना न सांगता, दोन दोन बोटांनी.

आता ते दोन्ही संगणक म्हातारे.
फ्लॉपी तोंडात घेतात ती परत देत नाहीत,
इंटरनेट कशाशी खातात त्यांना ठाऊक नाही.
आर्वोमामाचा मॉनिटर मी पुढच्या सीटवर
पट्टा बांधून आणला.
तो स्वतः मागे, मांडीवर कीबोर्ड,
फाटकापाशी म्हणाला, रंग बदललाय.
अजून काही म्हणाला नाही.

केबल जोडली. काहीच होईना.
केबल सरळ होती, तिथंच घोडं अडलं :
तोंडाला तोंड, कानाला कान,
दोघं एकदम बोलणार, ऐकणार कोणीच नाही.
मी ती मधोमध कापली,
दोन तारांची अदलाबदल केली, डाग दिला.
राळेचा धूर चुलीच्या धुरात मिसळला.
दोन्ही मामा माझ्या हातांकडे बघत होते,
कारण बघायला दुसरं काही सोयीचं नव्हतं.

मग पडद्यानं विचारलं :
आपण कोण? यजमान की पाहुणा?

त्याला काय माहीत
हे घर कोणाचं, जिना कोणी बांधला,
खिडकीची काच कोणाच्या चेंडूनं फुटली होती.
चूल कुरकुरली.
एन्डेलमामा कानशील खाजवत राहिला.
आर्वोमामानं माउस ओढला
आणि 'पाहुणा'वर टिचकी मारली,
बूट दाराबाहेर काढतात तशी, सहज.

फायली निघाल्या. प्रत्येक रविवारची एक,
नावाऐवजी तारीख, आठ आकडी.
बारा टक्के. एकोणीस.
एक्केचाळीसला कोणाचा तरी पाय लागला
आणि पुन्हा पहिल्यापासून.
सत्तरच्या दशकातले कडक हिवाळे जाताना
मला उगाच वाटलं, केबल गार लागेल.
हात लावून पाहिला. नव्हती.

शेवटी एक अडली.
एकवीस फेब्रुवारी त्र्याण्णव.
या नावाची फाइल आधीच आहे, पडदा म्हणाला,
जुनीवर नवी लिहू?

आजी त्या पहाटे गेली होती.
इकडच्या फायलीत : अडतीस.
तिकडच्या फायलीत : एक्केचाळीस.
म्हणजे घर माणसांनी भरलेलं असताना
दोघंही, वेगवेगळे, गुपचूप
बर्फावर जाऊन आले होते.

बराच वेळ कोणी कळ दाबली नाही.

"कुठं मोजलास?" एन्डेलमामानं पडद्याला विचारलं.
"लव्हाळ्यांपाशी."
"तिथं जाड असतोच."
"तू?"
"धक्क्यावर."
"धक्क्यावर पातळ."

मी दोन्ही ठेवल्या.
एकीच्या नावाचा शेवटचा आकडा पुसून
तिथं अक्षर टाकलं. कोणाच्या, ते सांगणार नाही.

संगणक बंद केले तरी केबल काढायची राहिली,
दोन मेजांच्या मधे जमिनीवर आडवी.
एन्डेलमामा तीन कप घेऊन आला
आणि तिच्यापाशी थबकून,
गुडघा दुखत असूनही,
पाय नको तितका उंच उचलून पलीकडे आला.