डावा कान

इमदाद सर कंत्राटावर आले तेव्हा रोवणी चालू होती,
मैदानात अकराऐवजी सहा जण,
बाकीचे बांधीत, गुडघाभर चिखलात.
सरांनी हजेरी घेतली नाही. पँट दुमडली
अन् निकुरेच्या बांधीत उतरून तिथेच शिकवलं
पाय कसा काढायचा: टाच आधी, मग बाकीचं.

बल्लारपूरच्या खाणीत एकोणतीस वर्षं.
डावा कान तिकडेच राहिला.
"या बाजूनं बोल बेटा," एवढंच म्हणायचे,
म्हणून आम्ही सगळे त्यांच्या उजव्या अंगाला गोळा व्हायचो,
बॉलसुद्धा, सवयीनं, उजवीकडेच जायचा.
डाव्या बगलेला लोमेश नैताम एकटा पळत राहायचा.
तो मुळातच कमी बोलणारा.
पास माग, म्हटलं तर हसायचा.

मी दुसरा गोलकीपर. म्हणजे वहीवाला.
बोडीत गेलेले बॉल: चौदा.
परत आलेले: पंधरा.
एक कोण जाणे कोणत्या वर्षाचा, शेवाळलेला.
सरांनी तो धुऊन टेबलावर ठेवला,
प्राचार्य विचारायचे, हा कायचा पेपरवेट?

मंडई झाली, मग नाटक आलं.
पेनल्टी एरियात स्टेज, कॉर्नरला चहाची पाल.
आमचा स्ट्रायकर तेजराम नाटकात पोस्टमन,
दोनच वाक्यं, तीही रात्री साडेतीनला.
सर पहाटेपर्यंत बसले,
डावा कान भोंग्याकडे करून.
सहाला स्टेजच्या मागे प्रॅक्टिस. तेजरामचे डोळे मिटत होते,
गालावर अजून रंग.
"चिठ्ठी देताना तू पाहिलं ना,
समोरच्याचा हात पुढे आला का?
मग पासले घाई कायची?"

गडचिरोलीला हरलो, तीन शून्य.
ब्रह्मपुरीला हरलो, पण एक गोल आमचा,
तो बसमध्ये प्रत्येकानं वेगवेगळा सांगितला.
मूलला बरोबरी.
सिंदेवाहीला जिंकलो, अन् कोणालाच समजेना
आता हातांचं काय करायचं.
निकुरेनं रेफरीच्या पाया पडून टाकलं.

शेवटचा सामना बल्लारपूरला.
बांधावर सरांचे खाणीतले दोस्त, खोकत, पान खात,
"ए इमदाद" म्हणून ओरडत,
सगळे त्यांच्या उजव्या बाजूनं.
दोन-एकनं मागे आम्ही. चार मिनिटं उरलेली.
तेव्हा डावीकडून आवाज आला,
आधी कधीच न ऐकलेला, जाडसर, फाटका:
"मले दे! मले!"
तेजरामनं मान वर केली. थांबला. दिला.

सर डावीकडे वळले होते.
ऐकू आलं की नुसतं दिसलं, ते वहीत नाही.
बॉल खांबाला लागला, तेवढं आहे.

परतताना लोमेश सरांच्या शेजारी बसला,
नेमका डावीकडे,
अन् नागभीडपर्यंत काहीतरी सांगत राहिला.
सर मान हलवत होते.
रस्ताही खराबच आहे तिकडचा.