साकु

फॉरईच थांबत नाही.
आत रिटर्न लिहिलंस तरी तेवढीच फेरी सुटते,
पुढची दारात उभीच.
ब्रेक तर तो आत घेतच नाही.
रेश्मा विचारते, सापडल्यावरही हे फिरतंय कशाला?
त्याला सापडल्याचं ऐकूच येत नाही, मी म्हणते.
सम वापर. पहिल्या ट्रूला हात झटकून उठतं.
नाहीतर आपला साधा फॉर.

निपाणीत, वखारीमागच्या गल्लीत
आईच्या मांडीवर सूप असायचं.
पान, चिमूट, वळण, दोरा.
शंभरावी झाली काय, नऊशेवी काय,
हात विचारायचाच नाही.
शेजारची गंगव्वा उंबऱ्यातून ओरडायची, "साकु गं, साकु!"
तेव्हा कुठे कळायचं, दिवेलागण होऊन गेली.

बसगोंडा चेकर मात्र लवकर थांबायचा.
कट्ट्यातली सातवी विडी सैल निघाली
की पंचवीसच्या पंचवीस त्याच्या टोपल्यात.
लगेच पुढचीचं सूप.
उरलेल्या अठरांना
त्यानं बोटसुद्धा लावलं नाही.

स्क्रीनवर आकडे येतात:
दोन लाख ओळी, तपासल्या एक्केचाळीस.
किती वेळ वाचला मॅडम, म्हणत रेश्मा
ब्रेकच्या शेजारी कॉमेंट टाकते: साकु.
ती संकेश्वरची. तिला शिकवावं लागत नाही.

रात्री जेवताना आईला सांगितलं,
आज एक यादी अर्ध्यातच थांबवली.
तिनं भाकरी मोडली.
म्हणाली, "आठवी चांगली हुती गं.
मला म्हाईत हाय. मीच वळलेली."