तुरट

बालाघाटाच्या कडेला, बार्शीच्याही वर,
जिथे एसटी येत नाही आणि वारा मात्र ठरल्या वेळी येतो,
तिथल्या सहा एकरांची ही पहिली दणकट लाल.
बाटलीवर अजून चिठ्ठी नाही.
टाकीवर खडूनं लिहिलंय: शिराज, तीन नंबर, फाल्गुन.

राजमोगली येमूल आले साखर पेठेतून,
चोथा न्यायला.
चाळीस वर्षं चादरींना लाल दिला त्यांनी.
कारखान्याला कुलूप लागलं,
नखांच्या मुळाशी तो लाल अजून आहे.
म्हणाले, सालं द्या बाई, सूत रंगवून बघतो.
म्हटलं, आधी चव तर घ्या.
म्हणाले, घेत नाही मी. घरी मार्कंडेय आहे.

मग खिशातून लडी काढली,
एक धागा तोडून पेल्यात सोडला,
आणि आम्ही दोघं
दूध उतू जायची वाट बघावी तसे
पेल्याकडे बघत बसलो.

मी सांगत राहिले:
खाली सोलापूर रात्रीसुद्धा तव्यासारखं असतं
तेव्हा इथे गोधडी लागते,
म्हणून साल जाड होते.
औषध मारत नाही. भुरी आली तेव्हा आंबट ताक फवारलं,
दोन ओळी गेल्या. गेल्या तर गेल्या.
शेण, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती,
पहिल्या वर्षी घडांपेक्षा पाखरंच जास्त मोजली.
ते हं म्हणाले.
ऐकत नव्हते. धागा किती पितोय ते बघत होते.

धागा काढला. दोन बोटांत पिळला.
आणि सवयीनं,
केवळ चाळीस वर्षांच्या सवयीनं,
जिभेला टेकवला.

थांबले.

"हिरडा," म्हणाले.
"ह्यात हिरडा कुणी घातला?"

कुणी नाही. सालीचा आहे तो, बियांचा आहे.
पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे.

"नाव असू दे काही. हिरड्याशिवाय लाल
सुताला धरत नाही बाई, पहिल्या पाण्यात पळतो.
तुमचा हा आपला हिरडा बरोबर घेऊनच आलाय."

सात वर्षं मी हिच्यासाठी शब्द जमवत होते.
पुण्याच्या पाहुण्यांनी दिलेले वहीत आहेत:
जांभूळ, मिरी, तंबाखू, ओलं चामडं.
सगळे खरे. एकही धरला नव्हता.

दोन पोती घेऊन ते टेम्पोत बसले.
आठ दिवसांनी फोन आला.
रंग नाही बसला. तुरटी दिली, लोखंड दिलं,
तिसऱ्या धुण्याला अगदी पारवा झाला.
"पण फेकू नका काही, पारव्यालाही गिऱ्हाईक असतं."
मग घरात कुणालातरी तेलुगूत काही सांगून,
दार लोटल्याचा आवाज,
आणि हळूच:
"ती चव अजून आहे हो दाताच्या मागं.
मार्कंडेयाला सांगितलंय मी,
धागा चाखला म्हणून."