अर्धी गोळी

चाळीस वर्षं अन्सेल्मोने ब्रेक सांभाळला
वाल्परायसोच्या टेकडीवर, केबलगाडीच्या खोलीत.
एक डबा वर यायचा तेव्हा दुसरा खाली जायचा,
आणि दोराच्या नुसत्या कुरकुरीवरून तो सांगायचा
आज आत शाळेची पोरं आहेत की बटाट्याची पोती.

आता तुमच्याच छातीत ब्रेक बसवायचाय
म्हटल्यावर तो हसला.
डॉक्टर बारिएन्तोस हसल्या नाहीत.
पडद्यावर त्यांनी त्याचं हृदय दाखवलं:
सैल पिशवी, उगाच धावणारी,
धावून धावून कुठंच काही न पोचवणारी.
"कार्व्हेडिलॉल. अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री, खाऊन.
दोन आठवड्यांनी वाढवू.
आधी जरा वाईट वाटेल."
जहाजाचं नाव वाटतं, तो म्हणाला.

वाईट वाटलंच.
जिना तिसऱ्या पायरीपाशी लांबला.
बोटं गार, चहाच्या कपाभोवतीसुद्धा गार.
आणि स्वप्नं. बुडालेला भाऊ यायचा, इतका लख्ख
की पहाटे हा मला सांगायचा
त्याच्या शर्टाचं कितवं बटण तुटलेलं होतं.

मी मनगट धरून बसायची, स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली.
अठ्ठ्याऐंशी. बहात्तर. साठ.
कॅलेंडरवर लिहायची, गॅस संपल्याच्या तारखेशेजारी.

मार्चमध्ये तो शिट्टी वाजवत टेकडी चढला
आणि मला न सांगता गोळी बंद केली.
चौथ्या दिवशी अँब्युलन्स.
बारिएन्तोसबाई खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या,
"डबा उतारावर असताना ब्रेक एकदम सोडतात का?
तुम्हीच सांगा."
त्याच्याच धंद्यातल्या शब्दांनी
त्याला आजवर कुणी रागावलं नव्हतं.
चादरीची कड चुरगाळत तो पुटपुटला,
"हळूहळू सोडतात, बाई. टप्प्याटप्प्यानं."

मग ऑगस्टातली ती रात्र.
आधी कपाटातली भांडी बोलली, मग भिंती,
मग सगळी टेकडीच कुशीवर वळली.
वीज गेली. कुत्री.
आम्ही दाराच्या चौकटीत उभे,
माझं काळीज घशात,
आणि हाताला सवय म्हणून मी त्याचं मनगट धरलं.

पंधरा सेकंदांत सोळा.
चौसष्ट!
जमीन हलतेय, बंदरातले दिवे विझलेत,
आणि ह्याच्या नाडीला पत्ताच नाही.
मला इतका राग आला.
एकेचाळीस वर्षांपूर्वी, पहिल्यांदा माझा हात धरताना
ह्याची छाती शेजारच्या बाकावर ऐकू गेली असती.
ते कुठं गेलं? गोळीत विरघळलं?

"भीती नाही वाटली तुला?"

"वाटली की," तो अंधारात म्हणाला,
"पण हल्ली ती दार वाजवत नाही.
सरळ आत येऊन बसते."

वीज आली. फरशीभर काचा.
त्यात तो अनवाणी,
अंगठ्यातून रक्त.
आणि माझ्या पायांत त्याचे बूट,
डावा उजव्यात, उजवा डाव्यात.
त्यानं कधी घातले, मला कळलंसुद्धा नाही.