मागच्या काचेवर

सकाळी साडेआठ, क्रांती चौक.
ट्रॅव्हलरमध्ये सातजण, व्हिएतनामचे,
सगळ्यांच्या डोक्यावर एकाच निळ्या रंगाच्या टोप्या.
माझ्या खिशात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर आजचा दिवस:
कागजीपुरा चाळीस मिनिटं. हिमरू अर्धा तास.
थाळी, तिखट कमी.
पैठणला माग, चारच्या आत.
आणि खाली बारीक अक्षरात माझं कमिशन.

किल्ला मागं पडला की कागजीपुरा.
मी सुरू केलं, अकरा वर्षं घोकलेलं:
चिंध्या, लगदा, हौद, ही छपरी...
सातव्या वाक्याला लोक फोटो काढतात,
आठव्याला मी दुकानाचं दार दाखवतो.

आज सातव्यालाच एक बाई
टोपी काढून हौदाशी उकिडवी बसली.
पन्नाशीची. नखं बोथट.
कोपरापर्यंत हात पाण्यात,
आणि दोन बोटांत लगदा चोळून बघितला
डाळ शिजली का बघतात तसा.

पलीकडं जैबून आपा.
हौदात कुणी हात घातलेला तिला खपत नाही,
मागं एका साहेबाच्या मेव्हण्याला तिनं असं झापलं
की तो बूट विसरून गेला.
आज गप्प.
छपरी तेवढी पुढं केली.

आपा झुलवते डावी-उजवी.
हिनं झुलवली पुढं-मागं.
कागद मधोमध फाटला.
"ढकलती कायकू? पानी भाग जाता ना!"
बाईनं काहीतरी उत्तर दिलं, लांबलचक, वर-खाली सुरांचं.
तिच्या पोरसवदा सोबत्यानं मोबाईल मधे धरला,
मोबाईल म्हणाला:
मेरी सास का पानी धीमा है.

आपा अशी हसली की छपरी हातातून सुटायची राहिली.

मग कळलं, नाव न्हुंग, गावात घरोघरी कागदच.
तिनं फोटो दाखवला: एक भिंत,
भिंतीवर ओळीनं ओले कागद, हातात ब्रश घेतलेली म्हातारी.
आपानं फोटो लांब धरला, जवळ धरला.
"दीवार को चुना नै मारे कब से,"
एवढंच म्हणाली.

दुसरा कागद निघाला. अख्खा.
चाळीस मिनिटांचे दोन तास झालेले,
हिमरूवाल्या खलीलभाईचे तीन मिस्ड कॉल,
आणि बाई म्हणे ओला कागद सोडून येणार नाही.
आपा उठली.
ब्रश घेतला, गाडीत चढली, माझ्या गाडीत,
अन् मागच्या काचेवर आतून
कागद चोपून बसवला.
मी नको म्हणायच्या आत.

त्यानंतर आरशात मागचा रस्ता नव्हता.
नुसतं ओलं, उजेडाचं काहीतरी.
चितेगावला ट्रकनं हॉर्न दिला, तो दिसलाच नाही.
बिडकीनला कडा वाळल्या.
ढोरकीनला एक कोपरा सुटून
पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायला लागला,
सगळे मान वळवून तिकडंच बघत बसले,
जेवण राहिलं हे कुणी बोललं नाही.

पैठणला पावणेपाच.
मागावर अर्धा पोपट, चोच नसलेला.
विणकर उदावंत मागावर कापड टाकत होता:
"आता उद्या. उद्या या, चोच फुटलेली असंल."
दोघंतिघं माझ्यावर चिडले. बरोबर आहे.

न्हुंगबाई गाडीतच होती.
कागद आपोआप सुटून तिच्या मांडीवर आलेला.
उन्हाकडं धरून ती त्यावर बोट फिरवत होती, हळू,
एकाच जागी.

काचेवर आतून माझ्या पोरीच्या नावाचा रेडियम आहे.
गाडीत बसून बघितलं तर उलटा.
कागदावर तो सुलटा उठला होता,
बिनरंगाचा:
शिवन्या.

"बेटी," मी म्हणालो.
मोबाईल मधे कुणी धरला नाही.
तिनं दोन टोप्यांच्या मध्ये कागद ठेवला
आणि वरून रुमाल बांधला.

खलीलभाई अजून बोलत नाही.
काचेवर लगद्याचा अंधूक चौकोन राहिलाय,
गाडी धुणारा पोऱ्या दर रविवारी विचारतो,
काढू का?
मी म्हणतो, आधी टायर धू.