तोलाई

शालन गेलीय जतला, लेकीच्या बाळंतपणाला,
आणि बाग माझ्या गळ्यात.
बाग म्हणजे काय, कुपवाडच्या घरापुढं
बारा बाय सातची जागा, रंगाचे रिकामे डबे,
एक फुटका माठ, कुणीतरी टाकून दिलेलं वॉश बेसिन
आणि त्यात पिटुनिया.

जाताना कॅलेंडरच्या पाठीवर लिहून गेली:
गुलाबाला चहाचा चोथा, पण धुऊन.
शेवंती संपली, खुडा. बुडाशी पिलं आलीत, ती ठेवा.
मोगऱ्याला पाणी नाही.
खाली तीन रेघा.

मी म्हणालो, मरंल की.
म्हणाली, ताण द्यायचा असतोय,
आटपाडीच्या डाळिंबवाल्यांना विचारा.
संक्रांतीला फोनवर तिच्या देखरेखीखाली
सगळी पानं ओरबाडून काढली.
मोगरा जावळ काढलेल्या पोरासारखा
कोपऱ्यात गप्प उभा.
रोज जाताना मी नजर चुकवायचो.

रथसप्तमीला पाणी सोडलं. दोन तांबे.
मग काही दिवस काहीच नाही.
सकाळी गारठा, दुपारी पत्रा तापून कडकड वाजतोय,
आणि यार्डात नवी हळद उतरायला लागलेली.
लोक म्हणतात, फाल्गुनात वाऱ्यावर
सांगलीभर हळदीचा वास असतो.
असेल.
एकतीस वर्षं मी काट्यापाशी बसलो,
पोत्यामागून पोतं,
नाकात, कानात, पावतीच्या कार्बनात पिवळं पीठ.
कधीतरी मधेच वास यायचा बंद झाला.
तारीख आठवत नाही. पावती फाडली नव्हती.

शालनला सांगितलं नाही.
दरसाली ती पहिलं फूल उशाला ठेवते,
मी डोळे मिटून म्हणतो, वा.
इतकंच तर म्हणायचं असतं.

पण यंदा फोनवर रोज एकच:
पिटुनिया आल्या? आल्या. जांभळ्या.
फ्लॉक्स? हाय. गर्दी केलीय नुसती.
गुलाब? एक. मुंग्या लागल्यात.
आणि मोगरा?
मंगळवारी म्हणालो, उमललं एक.
लगेच म्हणाली, वास कसाय?
चांगलाय.
चांगलाय म्हणजे?

शेजारच्या मुजावरांची अलफिया, दुसरीतली,
तिला कुंपणावरून बोलावलं.
हुंगून सांग बाळा, पण नीट.
तिनं फुलात नाक घातलं,
आभाळाकडं बघितलं, पुन्हा घातलं.
"गार वास आहे," म्हणाली.
"आणि थोडासा कच्च्या शेंगेचा."
बदल्यात तिनं दोन पिटुनिया नेल्या.

मला काही ते शालनला सांगवेना.
दुसऱ्याचा माल आपल्या नावावर
कधी चढवला नाही.
फूल काडेपेटीत घातलं, खिशात ठेवलं
आणि सायकल काढून गेलो सराफ कट्ट्यावर,
पोपटशेठच्या दुकानात. जुनी ओळख.
म्हणालो, जरा तोलून द्या.
ते हसले नाहीत. आधी पंखा बंद केला.
आकडा हलत राहिला, हलत राहिला,
मग ठरला.
शून्य पूर्णांक सहाशे वीस.

आयुष्यात तोललेला
सगळ्यात हलका ऐवज.
हात मात्र तसाच ताठ झाला,
क्विंटलाला होतो तसा.

रात्री फोन लावला.
सहाशे वीस मिलिग्रॅम, म्हणालो. देठासकट.
पलीकडं बराच वेळ नुसती
कुणाच्या तरी खोकल्याची उबळ.
मग म्हणाली, बरं.
देठ खुडून तोलायचं होतं.
आणि गॅस बंद करून झोपत जावा,
बटण हातानं बघून,
तुमच्या नाकावर सोडू नका.

किती साल झालं तिला कळून,
मी विचारलं नाही.

झाडावर अकरा कळ्या आहेत.
तीन तरी उद्या फुटतील, फुगल्यात तशा.
पाणी दोन तांबे, संध्याकाळी.
अलफियाची शाळा सकाळची आहे.